‘१०० टक्के कॅन्सर गायब’: फॉरवर्ड खरा की खोटा? रेक्टल कॅन्सर आणि इम्युनिटीचं गणित

“कॅन्सरची लस सापडली, १०० टक्के यश, रशियाची घोषणा!” सप्टेंबर २०२५ मध्ये हा मेसेज तुमच्याही फोनवर आला असेल. इकडे सणसवाडीत तो सोसायटीच्या ग्रुपपासून कंपनीच्या शिफ्टच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरला. त्याखाली कुणीतरी २०२२ ची एक जुनी बातमी चिकटवली: “अमेरिकेत औषधाने १२ पैकी १२ पेशंटचा कॅन्सर गायब.” मग नेहमीप्रमाणे दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते चमत्कार, दुसरी म्हणते सगळं फेक.

दोन्ही मेसेज मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरशी जोडलेले आहेत, दोन्हींत इम्युनिटी आहे आणि दोन्हींत १०० हा आकडा आहे. तरी त्यांची लायकी एकसारखी नाही. एकामागे उघडपणे छापलेला डेटा आहे, पण फॉरवर्ड करणाऱ्याने त्यातली सर्वात महत्त्वाची अट गाळली. दुसऱ्यात अजून सिद्ध व्हायची गोष्ट झाली म्हणून सांगितली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे हे औषध घ्या, ते घेऊ नका असं काही इथे सांगणार नाही. पण आकडा कुठून आला, कशाला भागून आला आणि तो आपल्याला लागू होतो का, हे तपासणं माझं रोजचं काम आहे. तेच इथे करूया. कारण गाळलेली ती अट एका साध्या टेस्टने तपासता येते, आणि ती टेस्ट आपल्याकडेही होते.

आधी रशियाचा मेसेज

त्या मेसेजमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या होत्या. पहिली ‘एन्टेरोमिक्स’. ही चार निरुपद्रवी विषाणूंपासून तयार केलेली उपचारपद्धत आहे आणि तिची माणसांवरची चाचणी पहिल्या टप्प्यातली आहे. पहिल्या टप्प्यात मुख्यतः एकच प्रश्न असतो: औषध सुरक्षित आहे का? ते किती लोकांना बरं करतं, हे पुढच्या टप्प्यांत कळतं.

दुसरी गोष्ट एमआरएनए लस. रशियाच्या वैद्यकीय-जैविक संस्थेच्या प्रमुख वेरोनिका स्क्वोर्त्सोवा यांनी व्लादिवोस्तोकच्या इस्टर्न इकॉनॉमिक फोरममध्ये या लसीबद्दल सांगितलं. लस तयार आहे, परवानगीची वाट बघतोय आणि पहिलं लक्ष्य आतड्याचा कॅन्सर आहे, असं त्या म्हणाल्या. त्यांनी दिलेले निकाल माणसांवरच्या चाचणीच्या आधीच्या टप्प्यातले होते. मेसेजमध्ये मात्र ‘आधीचा टप्पा’ हे शब्द गळाले आणि ‘१०० टक्के’ उरलं. ॲप अजून डेव्हलपरच्या लॅपटॉपवर चालतंय आणि कुणीतरी प्ले स्टोअरवर आलं म्हणून सांगतोय, तसा हा प्रकार.

आता अमेरिकेचा मेसेज. तो समजायला आधी हा आजार आणि आपली इम्युनिटी दोन्ही थोडं समजून घ्यावं लागेल.

रेक्टम म्हणजे नेमकं कुठे?

मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय, डॉक्टरांच्या भाषेत रेक्टम. जागा अडचणीची आहे. पुढे मूत्राशय, पुरुषांमध्ये प्रोस्टेट, बायकांमध्ये गर्भाशय, आणि आजूबाजूला लघवी, शौच, लैंगिक क्षमता सांभाळणाऱ्या नसा.

गाठ जवळपास पसरलेली असेल तर नेहमीचा क्रम असा: रेडिएशन, केमो आणि मग ऑपरेशन. यातून बरेच लोक बरे होतात. पण किंमत मोठी आहे. गाठ अगदी खाली असेल तर गुदद्वारच काढावं लागतं आणि पोटावर कायमची पिशवी येते. रेडिएशनने मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. त्यामुळे या आजारात ‘जगला का’ इतकाच ‘कसा जगला’ हा प्रश्नही मोठा आहे, आणि पेशंट तरुण असेल तर फारच मोठा.

हा म्हाताऱ्यांचा आजार आहे असं समजू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने आपल्याकडच्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरच्या ८०० पेशंटचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यात सरासरी वय होतं साधारण ४७.

इम्युनिटी कमी पडते म्हणून कॅन्सर होतो का?

कोविडनंतर ‘इम्युनिटी’ हा शब्द काढा, चूर्ण आणि गोळ्यांच्या डब्यांवर जाऊन बसला. त्यातून एक समज पक्का झाला की इम्युनिटी म्हणजे मोबाइलची बॅटरी. कमी झाली की आजार, चार्ज केली की बरं.

शरीरात असं चालत नाही. कधी आजारी न पडणाऱ्या, पहाटे उठून तालीम करणाऱ्या माणसालाही हा कॅन्सर होतो. बहुतेक वेळा इम्युनिटीची ताकद कमी पडलेली नसते. तिला कॅन्सर दिसत नाही, किंवा दिसला तरी तिला थांबवलं जातं. या दोन शब्दांवर पुढचं सगळं उभं आहे.

आमच्याकडचं उदाहरण देतो. सणसवाडी, कोरेगाव भीमा, शिक्रापूर या पट्ट्यात कंपन्याच कंपन्या आहेत. प्रत्येक गेटवर सिक्युरिटी असतो. तो आत जाणाऱ्या प्रत्येकाचं आयकार्ड बघतो. शरीरात हे काम टी-सेल नावाच्या पांढऱ्या पेशी करतात. आपली प्रत्येक पेशी आत कोणती प्रथिनं बनतायत त्याचे तुकडे बाहेर लावून ठेवते, हे तिचं आयकार्ड. तुकडे ओळखीचे असतील तर टी-सेल पुढे जाते. अनोळखी दिसले तर हल्ला करते.

आता कॅन्सर ही आपलीच बिघडलेली पेशी. तिचं कार्ड बरचसं खऱ्यासारखंच असतं. त्यामुळे गार्डला शंका येत नाही. ही झाली पहिली अडचण: दिसत नाही.

कधी कार्ड उघड उघड चुकीचं असतं आणि गार्ड उठतोही. तेवढ्यात गेटवरचा फोन वाजतो: “आपलाच माणूस आहे, सोडा.” गार्ड परत खुर्चीत बसतो. शरीरात हा फोन खरंच आहे. टी-सेलवर पीडी-१ नावाचा रिसिव्हर असतो. समोरच्या पेशीने पीडी-एल१ नावाचं प्रथिन त्याला लावलं की टी-सेल शांत होते. ही सोय मुळात चांगल्या कामासाठी आहे, नाहीतर टी-सेल आपल्याच अवयवांवर तुटून पडतील. कॅन्सर तिचा गैरवापर करतो. ही दुसरी अडचण: थांबवलं जातं.

ही फोनची वायर कापणाऱ्या औषधांना चेकपॉइंट इनहिबिटर म्हणतात. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, डोस्टारलिमॅब ही त्यातली नावं. शरीराचे हे ब्रेक शोधून कॅन्सरवर वापरण्याची वाट दाखवल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेलही याच घरातलं: मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना, इम्युनिटीला आवर घालणाऱ्या रेग्युलेटरी टी-सेलवरच्या कामासाठी. म्हणजे बघा, सात वर्षांत दोन नोबेल, आणि दोन्ही इम्युनिटी वाढवण्याबद्दल नाहीत. तिच्या ब्रेकबद्दल आहेत.

स्पेलचेक बंद पडलेला कॅन्सर

आता गाळलेल्या अटीकडे येऊ.

पेशी दोन होताना डीएनएची अख्खी कॉपी काढावी लागते. कॉपी करताना चुका होतात. त्या शोधून दुरुस्त करायला पेशीत एक स्पेलचेक असतो, त्याचं नाव मिसमॅच रिपेअर, थोडक्यात एमएमआर. त्यात मुख्य चार प्रथिनं आहेत: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२.

काही कॅन्सरमध्ये हा स्पेलचेकच बंद पडलेला असतो. मग प्रत्येक कॉपीत नव्या चुका जमा होत जातात. ऐकायला वाईट वाटतं, पण इम्युनिटीच्या बाजूने बघा. चुका जेवढ्या जास्त, तेवढं आयकार्ड विचित्र. गार्डला हा माणूस लांबूनच ओळखू येतो. अशा गाठींत टी-सेल आधीच येऊन जमलेल्या असतात, फक्त त्या फोनमुळे गप्प बसलेल्या असतात. म्हणजे ‘दिसत नाही’ ही अडचण इथे नाहीच. उरली फक्त वायर, आणि ती कापायचं औषध आहे.

अमेरिकेतल्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये अँड्रिया सर्सेक आणि लुईस डियाझ यांच्या टीमने नेमकं हेच केलं. एमएमआर बंद असलेले, जवळपास पसरलेले पण लांब न गेलेले रेक्टल कॅन्सरचे पेशंट घेतले आणि त्यांना दर तीन आठवड्यांनी डोस्टारलिमॅब दिलं, सहा महिने. जून २०२२ मध्ये निकाल छापून आला तेव्हा १२ जणांचा कोर्स पूर्ण झाला होता. एमआरआय, पेट स्कॅन, दुर्बीण, बायोप्सी, कशातच गाठ सापडली नाही. बाराच्या बारा जणांत. रेडिएशन नाही, ऑपरेशन नाही.

म्हणजे फॉरवर्डमधला आकडा खरा होता. पण रेक्टल कॅन्सरच्या १०० पेशंटपैकी साधारण ५ ते १० जणांचाच एमएमआर बंद असतो. ती बातमी या ५-१० जणांची होती. मेसेजने ती सगळ्यांची करून टाकली.

१२ पैकी १२ म्हणजे खरंच १०० टक्के का?

नाणं तीनदा उडवलं आणि तिन्ही वेळा छापा पडला, तर नाण्यावर कायम छापाच पडतो असं आपण म्हणत नाही. आकडा छोटा असतो तेव्हा नशिबालाही जागा असते. म्हणून शास्त्रज्ञ निकालाबरोबर एक पट्टा देतात, ज्याच्या आत खरा आकडा असण्याची दाट शक्यता असते. १२ पैकी १२ चा पट्टा होता ७४ ते १०० टक्के. मूळ पेपरमध्येच तो छापलाय. त्यामुळे २०२२ मध्ये प्रामाणिक हेडिंग असं झालं असतं: “या विशिष्ट गटात बहुधा चारपैकी तिघांना किंवा त्याहून जास्त जणांना फायदा.”

मग २०२५ मध्ये त्याच टीमचा पुढचा निकाल आला. आता रेक्टल कॅन्सरचे ४९ जण कोर्स पूर्ण केलेले होते, आणि ४९ पैकी ४९ जणांची गाठ दिसेनाशी झाली होती. तोच हिशोब इथे लावला तर पट्टा साधारण ९३ ते १०० टक्के येतो. बघा, हेडिंगमधला ‘१०० टक्के’ दोन्ही वेळा सारखाच, पण त्याच्यावरचा भरवसा मधल्या तीन वर्षांत वाढला. मधे डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या वापरासाठी औषधाला ‘ब्रेकथ्रू’ दर्जाही दिला.

त्याच अभ्यासात एमएमआर बंद असलेल्या दुसऱ्या अवयवांच्या गाठींचा एक गटही होता. तिथे ५४ पैकी ३५ जणांत गाठ पूर्ण गेली, म्हणजे साधारण ६५ टक्के. औषध तेच, स्पेलचेक तसाच बंद, तरी अवयव बदलला की निकाल बदलला.

अजून एक गोष्ट नीट धरा. गाठ दिसेनाशी होणं आणि वर्षानुवर्षं जगणं या एकच गोष्टी नाहीत. बग रिपोर्ट बंद झाला म्हणजे बग गेला असं नसतं, हे आमच्या धंद्यातला कुणीही सांगेल. म्हणून या पेशंटना सोडून देत नाहीत. ठराविक महिन्यांनी दुर्बीण, एमआरआय चालूच राहतं. या पद्धतीला ‘वॉच अँड वेट’ म्हणतात, म्हणजे लक्ष ठेवून थांबणं. ब्राझीलच्या सर्जन अँजेलिटा हाब्र-गामा यांनी रेडिएशननंतर गाठ पूर्ण गेलेल्या पेशंटमध्ये ती रुजवली आणि त्यांचा गाजलेला पेपर २००४ चा. टाटा मेमोरियलमध्येही निवडक पेशंटमध्ये ती वापरतात.

बाकीच्या ९० टक्क्यांचं काय?

ज्यांचा स्पेलचेक चालू आहे त्यांच्यात इम्युनिटीचा काही रोल नाही का? आहे, आणि हा भाग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो, कारण इथे सॉफ्टवेअर येतं.

फ्रान्समधले जेरोम गालोन आणि त्यांच्या टीमने २००६ मध्ये दाखवलं की मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये गाठीच्या आत किती टी-सेल आहेत, कोणत्या प्रकारच्या आहेत आणि नेमक्या कुठे आहेत, यावरून पेशंटचं पुढे काय होणार याचा चांगला अंदाज येतो. कॅन्सर किती पसरलाय यावरून डॉक्टर स्टेज ठरवतात. गालोन म्हणत होते, शत्रू कुठवर आलाय हे मोजता ते ठीक, पण आपले किती जण उभे आहेत तेही मोजा.

यातून ‘इम्युनोस्कोर’ तयार झाला. पद्धत सोपी आहे:

- गाठीचा पातळ काप काढून त्यावर दोन प्रकारच्या टी-सेल रंगवतात, सीडी३ आणि सीडी८.
- काचेचा पूर्ण स्कॅन होतो, एकेक फाइल काही जीबींची.
- सॉफ्टवेअर गाठीच्या मध्यभागी आणि कडेला, अशा दोन ठिकाणी पेशी मोजतं.
- त्यावरून स्कोर येतो: कमी, मध्यम किंवा जास्त.

डोळ्याने मोजलं तर दोन डॉक्टरांचे आकडे वेगळे येऊ शकतात. सॉफ्टवेअर दर वेळी तेच उत्तर देतं. २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये याची १३ देशांतली पडताळणी आली, २,६८१ पेशंटची. त्यात अहमदाबादची गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटही होती. त्या अभ्यासाच्या पहिल्या गटात पाच वर्षांत कॅन्सर परत आलेले लोक असे: जास्त स्कोरवाल्यांत ८ टक्के, मध्यममध्ये १९, कमी स्कोरवाल्यांत ३२. हा अभ्यास मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा होता. पुढे २०२० मध्ये रेक्टल कॅन्सरच्या पहिल्या बायोप्सीवरही हीच मोजणी करून पाहिली गेली. जिथे टी-सेल जास्त, तिथे रेडिएशन आणि केमोचा परिणामही चांगला दिसला. म्हणजे रेडिएशन गाठ जाळतं खरं, पण आतमध्ये गार्ड जमलेले असतील तर काम सोपं होतं.

मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: जिथे गार्ड नाहीत तिथे ते बोलावता येतील का? रेडिएशनने पेशी फुटतात, त्यांचे तुकडे बाहेर पडतात आणि लपलेलं कार्ड थोडं उघडं पडतं. त्याच वेळी फोनची वायर कापली तर? चीनमधल्या ‘युनियन’ चाचणीत २३१ पेशंटवर हे तपासलं. एका गटाला कमी दिवसांचं रेडिएशन, केमो आणि कॅमरेलिझुमॅब; दुसऱ्याला नेहमीचं लांबलचक रेडिएशन आणि केमो. नंतर ऑपरेशन करून काढलेल्या भागात कॅन्सरची एकही पेशी न उरलेले लोक पहिल्या गटात ३९.८ टक्के, दुसऱ्यात १५.३. यातून आयुष्य किती वाढतं हे बघायला अजून वर्षं जावी लागतील. पण ९० टक्क्यांसाठीही दार थोडं किलकिलं झालंय.

पेशी मोजायचं हे काम घरी बघायचं असेल, तर ‘क्यूपाथ’ नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर मिळतं. संशोधनासाठीचं आहे, पण इमेज प्रोसेसिंग शिकणाऱ्याने एकदा उघडून बघावं असं नक्की.

पैशाचं काय?

२०२२ मध्ये बातमी आली तेव्हा अमेरिकेत डोस्टारलिमॅबच्या एका डोसची किंमत साधारण ११ हजार डॉलर सांगितली जात होती. सहा महिन्यांत नऊ डोस. हिशोब तुम्हीच करा. शिफ्टमध्ये काम करणारा माणूस हा आकडा ऐकून दुसरा प्रश्नच विचारणार नाही.

पण महाराष्ट्रातलंच एक काम इथे सांगायला हवं. टाटा मेमोरियलमध्ये विजय पाटील, कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंड-घशाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरवर एक चाचणी केली. भारतात अशा पेशंटपैकी ३ टक्क्यांहून कमी लोकांना इम्युनोथेरपी परवडते. त्यांनी विचारलं, डोसच कमी केला तर? निवोलुमॅबचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. त्यांनी दिला दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या केमोबरोबर. १५१ पेशंट. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत एक वर्षानंतर १६.३ टक्के लोक हयात होते, कमी डोसची जोड मिळालेल्यांत ४३.४ टक्के.

हा निकाल रेक्टल कॅन्सरचा नाही, आणि त्यावरून कुणी आपल्या मनाने डोस कमी करायचा नाही. पण परळमधल्या हॉस्पिटलने आपल्या लोकांच्या खिशाचा प्रश्न प्रयोगशाळेतला प्रश्न म्हणून घेतला, आणि उत्तर जगाने वाचलं. एमएमआर बंद असलेल्या पेशंटसाठीही असे स्वस्त मार्ग तपासले जायला हवेत, असं माझं मत आहे.

आणि हो, वायर कापायचेही तोटे आहेत. मोकळे सुटलेले गार्ड कधी थायरॉइड, कधी फुप्फुस, यकृत किंवा आतड्यावरही हल्ला करतात. म्हणून हे औषध तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नसतं.

नगर रोडवरचे बोर्ड

हे सगळं विज्ञान एका ठिकाणी येऊन अडतं. वाघोलीपासून शिरूरपर्यंत गाडीवरून जाताना बोर्ड मोजा: ‘मूळव्याध, भगंदर, फिशर, बिना ऑपरेशन खात्रीशीर इलाज’. शौचावाटे रक्त गेलं की आपल्याकडे पहिलं निदान मूळव्याध, आणि ते बहुतेक वेळा आपणच करतो. लाज वाटते म्हणून घरी सांगत नाही, सुट्टी कापली जाईल म्हणून दवाखान्यात जात नाही. माझ्या ओळखीतल्या एका काकांनी जवळपास आठ महिने मूळव्याधीची पुडी घेतली. एकाही ठिकाणी त्यांना साधी बोटाने तपासणी झाली नव्हती.

बहुतेकांना खरंच मूळव्याधच असते, घाबरायचं कारण नाही. पण टाटाच्या त्याच ८०० पेशंटच्या आढाव्यात लक्षणं सुरू झाल्यापासून तिथे पोचेपर्यंत सरासरी चार महिने गेले होते, आणि निम्म्याहून जास्त लोकांचा आजार आजूबाजूला पसरलेला होता. इम्युनिटीवरचं सगळ्यात भारी औषधही या चार महिन्यांची भरपाई करेल असं धरून चालता येत नाही.

मग आपण काय करायचं?

घरात कुणाला त्रास असेल तर:

- शौचातून रक्त, सवयीत अचानक बदल, पोट साफ न झाल्याची सततची भावना, कारण नसताना वजन किंवा हिमोग्लोबिन कमी होणं, यातलं काही दोन-तीन आठवडे टिकलं तर सर्जन किंवा पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. बोटाने तपासणी आणि गरज पडली तर दुर्बीण करून घ्या.
- बायोप्सीत कॅन्सर आला तर उपचार सुरू व्हायच्या आधी विचारा: “डॉक्टर, एमएमआर टेस्ट केली का?” ही टेस्ट काढलेल्या त्याच तुकड्यावर होते, परत सुई टोचावी लागत नाही. खर्च औषधाच्या मानाने अगदीच किरकोळ. रिपोर्टमध्ये ‘एमएमआर डेफिशियंट’ किंवा ‘एमएसआय-हाय’ असं आलं तर इम्युनोथेरपीबद्दल मोठ्या कॅन्सर सेंटरचं मत घ्या.
- बायोप्सीचा मेणातला ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो. दुसरं मत घ्यायला तो मागून घेता येतो.
- एमएमआर बंद निघाला तर ते कधी कधी घराण्यातून आलेलं असतं, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. तसं असेल तर भावंडं आणि मुलांमध्ये ते असण्याची शक्यता निम्मी असते. त्यांनीही डॉक्टरांशी बोलून तपासणी करावी.
- महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआयसीचं कार्ड चालू आहे का बघून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. कोणता उपचार बसतो ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि पुढचा ‘१०० टक्के’ फॉरवर्ड आला की पुढे ढकलण्याआधी चार प्रश्न विचारा:

1. माणसांवर की उंदरांवर?
2. किती जणांपैकी?
3. कोणत्या प्रकारचा कॅन्सर, आणि अट काय होती?
4. गाठ गेली असं म्हणतायत की लोक जास्त वर्षं जगले असं म्हणतायत?

रशियाच्या मेसेजची गाडी पहिल्याच प्रश्नावर थांबते. अमेरिकेचा मेसेज पहिल्या दोन प्रश्नांत पास होतो, चौथ्यात अजून काही वर्षं वाट बघायला लावतो, आणि तिसऱ्यात आपल्या हातात एक कामाची गोष्ट ठेवतो: एमएमआर टेस्ट. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर तो या एका ओळीसकट पाठवा.